ताप जात नाही, कारण सापडत नाही: लपलेलं इन्फेक्शन शोधणाऱ्या स्कॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेट-सीटी सेंटरच्या व्हॉट्सॲप नंबरवर रोज येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. दहा जणांनी दहा प्रकारे विचारलेला प्रश्न एकदाच घेतला आहे आणि जिथे उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे तो क्रमांक दिला आहे. तुमच्या रुग्णाला कोणता स्कॅन लागेल हे मात्र त्याला हात लावून तपासणारा डॉक्टरच ठरवेल, इथे बसून स्कॅन वाचणारी मी नाही.

१. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी डॉक्टर म्हणतात "इन्फेक्शन कुठेतरी लपलंय". लपलंय म्हणजे काय?

हातावर गळू झालं तर दिसतं, दुखतं, लाल होतं. तेच गळू यकृतात, मणक्याशेजारच्या स्नायूत, दाताच्या मुळाशी किंवा हृदयाच्या झडपेवर झालं तर बाहेरून काहीच कळत नाही. रुग्णाला संध्याकाळी कणकण येते, घाम सुटतो, वजन उतरतं. ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले असतात, पण ते फक्त घरात काहीतरी जळतंय एवढं सांगतात. चूल की वायर, ते सांगत नाहीत.

कधी शरीर भलत्याच ठिकाणी दुखतं. यकृताच्या वरच्या बाजूच्या गळवात उजवा खांदा दुखतो. कमरेतल्या सोआस स्नायूत पू झाला की माणूस मांडी पोटाशी घेऊन झोपतो, पाय सरळ करू देत नाही, आणि घरचे खुब्याचा एक्सरे काढून आणतात. तो एक्सरे अर्थातच नॉर्मल असतो.

२. किती दिवस ताप राहिला की स्कॅन करायचा?

पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ साली "कारण न सापडणारा ताप" याची व्याख्या केली. तीन आठवड्यांहून जास्त दिवस, वारंवार ३८.३ अंश सेल्सिअसच्या (१०१ फॅरनहाइटच्या) वर जाणारा, आणि आठवडाभर रुग्णालयात तपासूनही निदान न झालेला ताप. आता बऱ्याच तपासण्या ओपीडीत होतात म्हणून रुग्णालयातल्या आठवड्याची अट सैल झाली, पण तीन आठवड्यांचा अंदाज आजही उपयोगी आहे.

पावसाळ्यातल्या पाच दिवसांच्या तापासाठी पेट स्कॅन मागणारे फोन मला दरवर्षी येतात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो यांचं निदान रक्तात होतं. स्क्रब टायफसची खूण असते ती काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली दडलेली काळी खपली. ती शोधायला रुग्णाचे कपडे काढून नीट पाहावं लागतं, यंत्र लागत नाही.

उलट काही वेळा तीन आठवडे थांबणं धोक्याचं. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप, पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होणं, मधुमेह्याला ताप आणि कुशीत तीव्र वेदना, किंवा ताप असताना बीपी खाली जाणं. इथे त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

३. पेट स्कॅन म्हणजे पोटाचा स्कॅन ना?

नाही. हिंदीतल्या "पेट"शी त्याचा संबंध नाही, पण हा गैरसमज इतका पसरलेला आहे की पोटाची सोनोग्राफी झाली आहे म्हणून पेट स्कॅन नको म्हणणारेही भेटतात. पेट म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी. एकाच टेबलावर पेट आणि सीटी दोन्ही होतात. साधारणपणे डोक्यापासून मांडीपर्यंत स्कॅन होतो. पायाला जखम, जुना रॉड किंवा प्लेट असेल तर आधीच सांगा, म्हणजे पाय पूर्ण घेता येतात. टेबलावरून उतरल्यावर आठवून उपयोग नाही.

४. पेट तर कॅन्सरसाठी असतो. डॉक्टर आमच्यापासून काही लपवताहेत का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रुग्णाला बाहेर बसवून, हळू आवाजात विचारला जातो.

पेटमध्ये जे इंजेक्शन देतात ते एफडीजी, म्हणजे ग्लुकोजसारखाच एक रेणू, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेला. ज्या पेशी साखर भराभर खातात त्या हा रेणू आत ओढतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे तो तिथेच अडकतो आणि ती जागा चमकते. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात हे खरं. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही भुकेल्याच असतात. म्हणून पू, टीबीच्या गाठी, सुजलेल्या रक्तवाहिन्या हे सगळं पेटमध्ये उजळतं. कॅन्सर तपासताना जी डोकेदुखी होती, तीच इथे कामाला आली.

तरीही खरं सांगते. लांबलेल्या तापाच्या कारणांमध्ये इन्फेक्शनबरोबर लिम्फोमासारखे कॅन्सर आणि संधिवाताच्या गटातले आजारही असतात. स्कॅन तिन्हींकडे पाहतो. यात लपवाछपवी नाही. डॉक्टरांनी हे आधीच बोलायला हवं होतं, एवढंच.

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. त्यामुळे औषध साठवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉनमधून (ते बनवणाऱ्या यंत्रातून) ते त्याच दिवशी यावं लागतं. भारतात पेटची सुरुवात २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. तुमची वेळ सकाळी सातची का दिली आणि उशिरा आलात तर आम्ही का चिडतो, याचं उत्तर या ११० मिनिटांत आहे.

५. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट: यातलं आधी कोणतं?

संशय कुठे आहे त्यावर अवलंबून. "सगळ्यात भारी कोणता" हा प्रश्न चुकीचा आहे.

पोटाच्या उजव्या बाजूला दुखत असेल तर सोनोग्राफी. यकृतातलं गळू ती दहा मिनिटांत दाखवते. अमिबामुळे झालेलं गळू आपल्याकडे, विशेषतः दारू पिणाऱ्या पुरुषांत, आजही दिसतं. त्याचा पू चॉकलेटी रंगाचा असतो आणि पुष्कळदा तो न काढता औषधांनीही बरं होतं. पोटात खोल, आतड्यांच्या मागे किंवा ऑपरेशननंतर पू साचल्याचा संशय असेल तर कॉन्ट्रास्ट (ज्याला लोक "डाय" म्हणतात) देऊन सीटी. सोनोग्राफीला गॅसच्या पलीकडचं दिसत नाही. छातीसाठी एक्सरे, मग सीटी.

मणक्यासाठी एमआरआय, आणि वेळ न घालवता. दोन मणक्यांमधल्या चकतीतलं इन्फेक्शन किंवा मणक्याचा टीबी एक्सरेत उशिरा उमटतो, तोपर्यंत हाड खचलेलं असतं. मेंदूसाठीही एमआरआयच (का ते प्रश्न १४ मध्ये). झडपेसाठी आधी छातीवरून इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि संशय टिकला तर घशातून नळी टाकून केलेला इको. दातासाठी जबड्याचा साधा ओपीजी एक्सरे. तो स्वस्त आहे आणि जवळपास कोणालाच आठवत नाही.

या सगळ्यात बोट ठेवायला जागाच मिळत नसेल तेव्हा पेट-सीटी. एकाच बैठकीत सगळं अंग पाहून होतं, हे त्याचं बलस्थान.

६. मग थेट पेटच केला तर बाकीचा खर्च वाचेल ना?

कधी कधी वाचतो. तीन महिन्यांत दोन सीटी, दोन एमआरआय आणि चार सोनोग्राफी करून आलेल्यांना पाहिलं की वाटतं, हे आधीच यायला हवे होते. पण स्कॅनच्या आधी दोन गोष्टी व्हायलाच हव्यात आणि दोन्ही स्वस्त आहेत.

एक, नीट विचारपूस. कच्चं दूध पिता का, गोठ्यात काम करता का (जनावरांकडून येणारा ब्रुसेला जंतू), घरात कोणाला टीबी होता का, दात कधी काढला, कोणती नवी गोळी सुरू केली. औषधामुळे येणारा ताप कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही, गोळी बंद केली की जातो.

दुसरं, अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखणं. त्यात वाढलेला जंतू कुठे शोधायचं ते सुचवतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला तर झडप आणि मणका. क्लेबसिएला आला तर यकृताकडे पाहा. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस आला तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, कारण त्याचा संबंध बऱ्याचदा आतड्यातल्या गाठीशी असतो. हे माहीत असलं की स्कॅन वाचणाऱ्याची नजर बदलते. नुसतं "ताप, कारण शोधा" एवढंच लिहिलेली चिठ्ठी आली की माझं काम निम्म्याने अवघड होतं.

७. रिपोर्टमध्ये छातीतल्या गाठी चमकताहेत असं आहे. म्हणजे टीबीच ना? औषध सुरू करू का?

थांबा. स्कॅन पत्ता सांगतो, नाव सांगत नाही. टीबी, लिम्फोमा आणि सार्कॉइडोसिस (जंतूंशिवाय गाठी सुजवणारा आजार) या तिघांच्या गाठी पेटमध्ये सारख्याच चमकू शकतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला अंदाज तोच असतो आणि तो बऱ्याचदा बरोबरही ठरतो. पण लिम्फोमाच्या रुग्णाने सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्याचं मी पाहिलं आहे.

पेटचा खरा उपयोग पुढच्या पायरीसाठी आहे. दहा गाठींपैकी कोणती सर्वात सक्रिय आहे आणि कोणत्या गाठीपर्यंत सुई सहज पोचेल, हे त्यातून ठरतं. छातीच्या आतली गाठ आणि मानेतली गाठ दोन्ही चमकत असतील तर मानेतली घ्यायची.

आता एक गोष्ट लिहूनच ठेवा. बायोप्सीचा तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) टाकला की जंतू मरतात आणि त्याचं कल्चर होऊ शकत नाही. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि एक भाग सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीचा जंतू ओळखणारी तपासणी) व कल्चरला गेला पाहिजे. सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, "सलाइनमध्येही पाठवणार ना?" कोणी रागावणार नाही. रागावलं तरी विचारा.

८. एसयूव्ही १२ आलाय. खूप वाईट आहे का?

एसयूव्ही म्हणजे त्या जागेने औषध किती ओढलं याचं माप. वजन, रक्तातली साखर, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन झाला आणि यंत्र कोणतं, यानुसार ते बदलतं. १२ म्हणजे कॅन्सर आणि ४ म्हणजे इन्फेक्शन अशी रेघ नाही. गूगल करू नका.

९. तयारी काय करायची?

चार ते सहा तास पोटात काही नको. साधं पाणी भरपूर प्या. साखरेचा चहा, दूध, चघळायची बडीशेपची गोळीसुद्धा नको. आदल्या दिवशी जिम, शेतातलं कष्टाचं काम, गड चढणं टाळा, कारण दमलेले स्नायू चमकतात. थंडीत उबदार कपडे घाला. कुडकुडलेल्या माणसाच्या मानेतली तपकिरी चरबीही चमकते आणि उगाच गाठींचा भास होतो. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, मोबाइलवर गप्पा न मारता. मग अर्ध्या तासाच्या आत स्कॅन होतो.

नुकतीच लस घेतली असेल तर कोणत्या दंडात ते सांगा. त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे चमकू शकतात.

१०. मधुमेह आहे. इन्सुलिन घेऊन यायचं का?

स्कॅनच्या वेळी साखर शक्यतो २०० च्या खाली हवी. पण ती खाली आणायला दारात उभं राहून इन्सुलिन टोचलं तर एफडीजी सगळं स्नायूंमध्ये जातं आणि चित्र वाया जातं. म्हणून लवकर काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजीचं इंजेक्शन यांत साधारण चार तासांचं अंतर ठेवतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात. पोटातच शोधायचं असेल तर ती ४८ तास बंद ठेवायला सांगतात, अर्थात तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून.

इन्फेक्शननेच साखर वाढलेली असते, त्यामुळे दर वेळी "साखर जास्त, परत या" म्हणत बसलो तर स्कॅन कधीच होणार नाही. २३० साखर असलेल्या तापाच्या रुग्णाचा स्कॅन मी करते आणि रिपोर्टमध्ये तसं लिहिते.

११. झडप बदललेली आहे. आम्हाला पनीर, अंडी, चिकन खायला आणि भात-पोळी बंद करायला का सांगितलं?

हृदय नेहमी साखर जाळत असेल तर सगळंच चमकेल आणि झडपेवरचं इन्फेक्शन त्यात हरवेल. हृदयाला चरबी जाळायला लावण्यासाठी आदल्या दिवशी स्निग्ध, बिनपिठाचं, बिनसाखरेचं जेवण आणि मग बारा तासांहून जास्त उपास. भाकरी, पोहे, साबुदाणा, फळं, डाळ सगळं बंद. शाकाहारी घरात पनीर, तूप, चीज यांवर काढावं लागतं. "फक्त अर्धा कप चहा घेतला" म्हणून स्कॅन पुढे ढकलल्याच्या घटना महिन्यातून दोनदा तरी होतात.

कृत्रिम झडपेसाठी पेट-सीटी इतका उपयोगी ठरला की २०२३ साली सुधारलेल्या ड्यूक निकषांत (हृदयाच्या आतलं इन्फेक्शन ओळखायच्या नियमांत) त्याला मुख्य पुराव्यांमध्ये जागा मिळाली. मूळच्या झडपेवरचं इन्फेक्शन मात्र पेट बऱ्याचदा चुकवतो, तिथे इकोच मोठा. आणि झडप नुकतीच बसवली असेल तर शस्त्रक्रियेची सूजही चमकते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट जपून वाचावा लागतो.

१२. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड चालू आहेत. बंद करून येऊ का?

स्वतःहून काहीही बंद करू नका. अँटिबायोटिकचे बरेच दिवस झाले असतील तर चमक कमी होऊ शकते, पण गंभीर रुग्णाचं औषध स्कॅनसाठी थांबवत नाहीत. स्टेरॉइडचा त्रास जास्त. ताप उतरावा म्हणून कोणीतरी आठवडाभर स्टेरॉइड देतं, ताप जातो, सूज विझते आणि स्कॅन कोरा येतो. शक्य असेल तिथे स्टेरॉइड सुरू होण्याआधी स्कॅन व्हावा.

१३. आईचा गुडघा बदलून दोन वर्षं झाली, आता दुखतोय, हलका तापही आहे. पेटमध्ये कळेल का?

इथे पेट गोंधळवतो. कृत्रिम सांधा जंतूंशिवायही सैल होतो आणि त्याभोवतीची सूज तशीच चमकते. एमआरआयमध्ये धातूमुळे चित्र फाटतं. सर्वात थेट तपासणी म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजणं आणि कल्चर करणं.

तरी शंका राहिली तर पांढऱ्या पेशींचा स्कॅन. रुग्णाचं थोडं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना किरणोत्सारी खूण लावायची आणि त्याच रुग्णाच्या शिरेत परत सोडायच्या. त्या जंतूंच्या मागे जातात आणि आपण त्यांच्या मागे. १९७० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एम. एल. ठाकूर आणि सहकाऱ्यांनी इंडियम-१११ वापरून हे करून दाखवलं. आता टेक्नेशियमही वापरतात, ते सहा तासांत निम्मं होतं. काम किचकट आहे, निर्जंतुक खोली आणि सरावलेले हात लागतात, म्हणून सगळीकडे होत नाही. मला वैयक्तिकरीत्या ही तपासणी पेटहून सुंदर वाटते, पण ती मागणारे कमी.

१४. पेट-सीटीला काय दिसत नाही?

मेंदू दिवसरात्र साखर खातो, त्यामुळे तो नेहमीच चमकतो आणि त्यातलं छोटं गळू बुडून जातं. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशय झगमगत असतात. तिथलं इन्फेक्शन लघवीच्या तपासणीत आणि सीटीत शोधायचं.

याला एक अपवाद आहे. ज्यांच्या दोन्ही किडन्यांत जन्मजात आजारामुळे पाण्याच्या शेकडो गाठी असतात, त्यांपैकी एखाद्याच गाठीत पू झाला तर सोनोग्राफी आणि सीटीला सगळ्या सारख्याच दिसतात. पेटमध्ये त्या एका गाठीची कड उजळते.

१५. पायाची जखम भरत नाही. एक्सरेत हाड चांगलं आहे म्हणाले. मग काळजी नाही ना?

हाडातलं इन्फेक्शन एक्सरेत दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यातल्या नॉर्मल एक्सरेवर विसंबू नका. जखमेत निर्जंतुक सळई घातल्यावर हाड टोचत असेल तर संशय पक्का धरून एमआरआय करतात. मधुमेहात शार्को नावाचा पायाचा आजार होतो. त्यात जंतू नसतानाही पाय गरम, लाल, सुजलेला असतो आणि एमआरआयही गोंधळतो. अशा वेळी प्रश्न १३ मधला पांढऱ्या पेशींचा स्कॅन किंवा हाडाची बायोप्सी.

१६. रेडिएशन किती? घरी नातू आहे, सून गरोदर आहे.

इंजेक्शनचं साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं माप), वर सीटीचं. कमी डोसचा सीटी असेल तर एकूण दहाच्या आसपास, पूर्ण सीटी असेल तर वीसच्या पुढेही. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतं. महिनाभर तापलेल्या साठीच्या माणसासाठी हा सौदा मला योग्य वाटतो. सहा वर्षांच्या मुलासाठी आधी सोनोग्राफी आणि एमआरआय, त्यांत किरणं नसतात.

स्कॅननंतर उरलेला दिवस लहान बाळाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईपासून दूर बसा, पाणी पिऊन लघवीला वारंवार जा. दुसऱ्या दिवशी काही बंधन नाही.

रुग्ण स्वतःच गरोदर असेल तर सोनोग्राफी आणि कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय. सोनोग्राफीला "एफ फॉर्म" (गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीचा) भरून घेतात तो कायद्याने सक्तीचा आहे, त्यावरून काउंटरवर वाद घालू नका.

१७. क्रिएटिनिन वाढलेलं आहे. "डाय" चालेल का?

सीटीचा आयोडीनचा डाय वेगळा आणि पेटचं एफडीजी वेगळं. एफडीजी किडनीला इजा करत नाही. किडनी कमजोर असेल तर पेटबरोबरचा सीटी डायशिवाय करता येतो.

१८. बाबा आयसीयूत आहेत, बीपीचं औषध चालू आहे. पेटला आणू का?

नको. तासभर शांत पडून राहणं आणि रुग्णवाहिकेचा प्रवास त्यांना झेपणार नाही. पलंगाशेजारी सोनोग्राफी आणि इको, हलवता आलं तर सीटी. पू सापडला की सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने नळी टाकून तो काढणं हे अँटिबायोटिकइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मोठ्या पुवाच्या आत औषध नीट पोचत नाही.

१९. पेट नॉर्मल आला. पैसे वाया गेले का?

रागावणं साहजिक आहे. पण स्कॅन कोरा आलेल्या रुग्णांचा ताप पुढे आपोआप ओसरण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांमध्ये दिसलं आहे. त्यामुळे घाईने टीबीची औषधं किंवा स्टेरॉइड सुरू न करता नजर ठेवता येते. अपवाद प्रश्न ११, १२ आणि १४ मध्ये आहेत. ते तुम्हाला लागू होत असतील तर नॉर्मल रिपोर्टवर पूर्ण भरवसा ठेवू नका.

२०. औषधं सुरू होऊन महिना झाला. रुग्ण बरा आहे, पण नव्या एमआरआयमध्ये मणका आणखी खराब दिसतोय.

मणक्याचा एमआरआय रुग्णाच्या मागून चालतो. दुखणं कमी, ताप नाही, सीआरपी उतरतोय, तरी चित्रात सूज काही आठवडे तशीच राहते किंवा वाढलेलीही दिसते. टीबीच्या गाठीही योग्य औषध चालू असताना मध्येच फुगतात. पायातली ताकद कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवा. नाहीतर डॉक्टरांनी सांगण्याआधी स्वतःच्या हौसेने एमआरआय काढू नका.

२१. जुन्या फिल्म, सीडी आणायच्या का? त्या खूप जुन्या आहेत.

सगळ्या आणा. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही, सीडी हवी. एका काकांना अडीच महिने ताप होता. फाइलमध्ये नवे रिपोर्ट ढीगभर. आठ वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या ऑपरेशनचा कागद मुलाने "त्याचा काय संबंध" म्हणून घरी ठेवला होता. पोटाच्या भिंतीत एक पट्टा चमकत होता आणि मला तो स्नायूचा वाटत होता. शेवटी काकांनाच विचारलं, इथे कधी काही शिवलंय का. ते म्हणाले, "जाळी बसवलीय की."